गोठा भिंतीपासून नको, पागोळीपासून आखा
कोकणातल्या जिल्हा परिषदांना खुलं पत्र

प्रति,
पशुसंवर्धन आणि बांधकाम विभाग, कोकणातल्या सर्व जिल्हा परिषदा;
तसंच गोठ्यांची अंदाजपत्रकं करणारे कनिष्ठ अभियंते आणि तांत्रिक सहायक यांस,

स.न.वि.वि.

३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आली आणि २ ते ६ गुरांच्या पक्क्या गोठ्याला मापं मिळाली. लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर, म्हणजे २६.९५ चौरस मीटर जागा. ७.७ मीटर लांब गव्हाण, २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं, २०० लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी. तेव्हा धरलेला खर्च ७७,१८८ रुपये. हीच मापं सोलापूरकडच्या सांगोल्याला आणि हीच सावंतवाडीला. सांगोल्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. कोकण किनाऱ्यावर तो अडीच ते साडेतीन हजार, आणि आंबोलीसारख्या ठिकाणी सात हजारांच्या घरात.

योजनेवर आमचा राग नाही. तिच्यामुळे अनेकांच्या दारात पहिल्यांदा कोबा आला. तक्रार नकाशाची आहे. सांगोल्याचा गोठा उन्हाशी भांडतो, आमचा पाण्याशी. वरून पडणारं पाणी, आडवं येणारं पाणी, जमिनीतून चढणारं पाणी आणि हवेतलं पाणी. म्हणून आमच्याकडे छपराची कड आणि गटार आधी ठरवायला हवं, भिंती सगळ्यात शेवटी. आज अंदाजपत्रक भिंतीपासून सुरू होतं, आणि पैसे संपत येतात नेमके तेव्हा पागोळीची, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या छपराची, पाळी येते. मग पत्रा भिंतीबाहेर जेमतेम एक फूट डोकावतो.

त्या एका फुटाचा हिशेब करून पाहू. भिंतीवर छप्पर टेकतं ती उंची २.२५ मीटर धरा, छपराचा उतार दोनास एक. पत्रा भिंतीबाहेर ०.३ मीटर काढला तर त्याची कड जमिनीपासून २.१ मीटरवर येते. आषाढातली झड ४५ अंशांत येते असं समजा, आणि समुद्राकडून वारा असला की याहून आडवीही येते. ती कडेखालून शिरून भिंतीच्या रेषेत १.८ मीटर उंचीवर पोचते आणि आत १.८ मीटरपर्यंत जमीन भिजवते. ३.५ मीटर रुंदीच्या गोठ्यात अर्ध्याहून जास्त जागा ओली. आता तोच पत्रा ०.९ मीटर बाहेर काढा. कड १.८ मीटरवर येते, आणि तीच झड भिंतीच्या रेषेत ०.९ मीटर उंचीवर आदळते. तिथे ०.९ मीटरची अर्धी भिंत असली की आत थेंब नाही. लांब पागोळी आणि अर्धी भिंत ही जोडी आहे. एक काढलीत तर दुसरी फुकट गेली.

आणि हे खर्चातही बसतं. गोठ्याचा घेर २२.४ मीटर. चारही बाजूंनी २.२५ मीटरची भिंत उभी केली तर साधारण ५० चौरस मीटर बांधकाम होतं. दोन्ही लांब बाजूंना ०.९ मीटरची अर्धी भिंत, पश्चिमेला पूर्ण भिंत आणि पूर्व बाजू मोकळी ठेवली तर २२ चौरस मीटरच्या आसपास. वाचले २८ चौरस मीटर. जांभ्याचा चिरा १५ इंच लांब आणि ७ इंच जाड धरला तर नऊ इंची भिंतीच्या एका चौरस मीटरला १३ ते १४ चिरे लागतात. म्हणजे पावणेचारशे चिरे, त्यांची वाहतूक, सिमेंट आणि गवंड्याचे दिवस वाचले. पत्रा किती वाढला? लांब बाजूंना ०.९ आणि दोन्ही टोकांना ०.६ मीटर बाहेर काढून, उतार धरून छप्पर ५३ चौरस मीटर होतं. एकेक फूट बाहेर असलेलं छप्पर ३८ चौरस मीटर. फरक १५ चौरस मीटरचा. दर गावागणिक वेगळे असतील, पण पावणेचारशे चिऱ्यांपुढे १५ चौरस मीटर पत्रा कुठे महाग पडत असेल असं वाटत नाही. तरी मंजुरीला भिंत दिसते आणि पागोळी दिसत नाही, कारण मोजमाप पुस्तिकेत भिंत भरायला सोपी.

दिशेबद्दल. 'लांब बाजू पूर्व-पश्चिम' हा नियम पुस्तकात उन्हासाठी आहे. कोकणात तो पावसासाठीही चालतो. पश्चिमेला फक्त ३.५ मीटरची अरुंद बाजू जाते, ती चिऱ्याने पूर्ण बंद करा. वरच्या त्रिकोणात चिऱ्यांची जाळी ठेवा किंवा फळ्या एकमेकींवर चढवून लावा, म्हणजे वारा जाईल, पाणी नाही. दार पूर्वेला. गव्हाण उत्तरेच्या अर्ध्या भिंतीला लावून, कारण दक्षिणेकडून झड जास्त लागते आणि भिजलेला पेंढा दुसऱ्या दिवशी गूर हुंगतं आणि सोडतं. उतारावर घर असलं तर हा नियम वाकवावा लागतो. डोंगर कापून गोठा आत घुसवण्यापेक्षा तो उताराला आडवा ठेवा, पश्चिम बाजू झापांनी, म्हणजे विणलेल्या झावळ्यांनी झाका, पण मागच्या दरडीला टेकवू नका. नारळाखाली गोठा नको, सहा मीटर तरी लांब. उन्हाळ्यात सावली बरी वाटते, पण एक झावळ पत्र्यावर आली की सावलीचा हिशेब चुकता होतो.

आता लांब पागोळीची दुसरी बाजू. पत्रा बाहेर काढला की वारा त्याला खालून धरतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आलं आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकलं, तेव्हा रायगड ते सिंधुदुर्ग काय काय उडालं ते पंचनाम्यांत तुमच्याकडेच आहे. छप्पर खाली पडत नाही, ते वर उठतं. वजन पेलायची सोय प्रत्येक सुतार करतो. ते धरून ठेवायची सोय मात्र अंदाजपत्रकात लिहिल्याशिवाय होत नाही. म्हणून चार गोष्टी लिहा. प्रत्येक खांबापासून पागोळीच्या कडेपर्यंत तिरका टेकू, खांबावर १.२ मीटर उंचीपासून निघणारा. कडेच्या रांगेत पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधल्या रांगांत एक सोडून एक, रबरी वायसरसह. स्क्रू उंचवट्यावर, खोबणीत नाही, कारण पाणी खोबणीतून वाहतं. आडव्या पट्ट्यांत ०.९ मीटरहून जास्त अंतर नको. आणि खांब पायात नीट अडकवलेला, ६० सेंटीमीटर खोल काँक्रीटच्या खड्ड्यात चार बोल्टवर बसवलेल्या पट्टीला जोडलेला. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, कातळ असला तर खड्डा खणण्याऐवजी कातळात ३० सेंटीमीटर भोक पाडून सळई सिमेंटने पक्की करा. कातळावर नुसता चौथरा ठेवून त्यात पाइप उभा केला तर जोराच्या वाऱ्यात चौथऱ्यासकट हलतो.

७.७ मीटर लांबीला एका बाजूला चार, असे एकूण आठ खांब पुरतात. लोखंडी पाइप असेल तर तो कधीही थेट कोब्यात गाडू नका. गोमूत्र आणि खारी हवा मिळून तो नेमका जमिनीलगत कुजवतात. वरून रंग शाबूत दिसतो, आणि तीन-चार पावसाळ्यांनी पाइप जमिनीपाशी खिळखिळा होतो. पाइपाभोवती ३० सेंटीमीटर उंच काँक्रीटची बैठक बांधा, तिचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता. लाकडाचा खांब असेल तरी तेच. ऐन आणि किंजळ टिकतात, पण वाळवी जमिनीतूनच चढते, म्हणून लाकूड बैठकीवर, जमिनीत नाही. माणगा बांबू छपराला चांगला, आतून भरीव असल्याने स्क्रू धरतो. मात्र तो पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेला आणि पाण्यात दोन-तीन आठवडे मुरवलेला हवा. मे महिन्यात तोडून त्याच महिन्यात चढवलेल्या बांबूला भुंगा लागायला वर्ष लागत नाही.

कौल की पत्रा? मंगलोरी कौल थंड. मे महिन्याच्या दमट दुपारी फरक हात वर करूनच कळतो. चौरस मीटरला साधारण १५ कौलं लागतात, म्हणजे या छपराला आठशेच्या घरात, आणि वजनामुळे वाऱ्याला ती बरी दाद देत नाहीत. पण माकडं आहेत. कौलावरून उड्या मारणाऱ्या टोळ्यांनी गावंच्या गावं पत्र्याकडे वळवली, हे कुठल्याही अहवालात नसलं तरी सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा पत्रा धरूनच चालू. समुद्र किंवा खाडीपासून किलोमीटरभरात साधा पातळ जस्ती पत्रा मंजूर करू नका. जस्त-अॅल्युमिनियम मुलाम्याचा, ०.५ मिलिमीटर जाडीचा लिहा. खारी हवा बाहेरून आणि गोठ्यातली अमोनियाची वाफ आतून, असा तो दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो. सिमेंटच्या पत्र्याला गंज नाही, पण पडलेला एक नारळ त्याला पुरतो.

आता खाली या. आम्ही गोठ्याचं पाणी तीन प्रकारांत मोजतो आणि तिघांना तीन वाटा देतो: पागोळीचं, उतारावरचं आणि गोठ्यातलं. नकाशात मात्र एकच गटार असतं आणि ते तिन्ही पाणी घेऊन टाक्यात जातं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचं आपोआप दिसतं. या गोठ्याच्या छपराची जमिनीवर पडणारी सावली ४७ चौरस मीटर. १०० मिलिमीटरचा दिवस, जो जुलैत आम्हाला विशेष वाटत नाही, ४,७०० लिटर पाणी खाली सोडतो. ते गोठ्याच्या गटारात आलं तर २५० लिटरचं टाकं चहा होईस्तोवर भरतं. बरं, ते छपराचं पाणी वेगळं काढलं, पण टाक्याचं तोंड एक चौरस मीटर उघडं ठेवलं, तरी २५० मिलिमीटरच्या एका दिवसात निव्वळ आभाळातून आलेल्या पाण्याने ते काठोकाठ. मग टाक्यात गोमूत्र नाही, पिवळसर पाणी. ते झाडाला घालायला फार पातळ, आणि ओसंडून वाटेवर येतं. आमच्या भागात लेप्टोचा ताप ठाऊक नसलेलं घर नाही. गुरांच्या आणि उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यात अनवाणी पाय गेला की तो होऊ शकतो, आणि लावणीच्या दिवसांत पायाला चिरा असतातच.

तेव्हा टाकं पावसाचं पाणी वगळून मोजा. लहान बांध्याच्या चार गुरांचं दिवसाला ३० ते ३५ लिटर मूत्र धरलं तर २५० लिटर आठवडाभर पुरतं. म्हणजे माप बरोबर आहे. फक्त त्यावर झाकण हवं, ते पूर्वेच्या पागोळीखाली हवं, आणि त्याची वरची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा १५ सेंटीमीटर उंच हवी. ही तीन वाक्यं अंदाजपत्रकात जोडायला काही खर्च नाही. शेणाच्या खड्ड्यालाही तेच: वर छप्पर नसलेल्या खड्ड्यातला नत्र पावसाबरोबर ओढ्याला जातो आणि मागे राहतो तो काळा चिखल. विहिरीपासून १५ मीटर तरी लांब, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच नाही.

पागोळीचं पाणी भिंतीपासून ०.९ मीटरवर पडतं. तिथे पाटासारखी ३० सेंटीमीटर रुंद, २० सेंटीमीटर खोल पन्हळ जांभ्यात बांधा, १०० मीटरला एक मीटर उतार ठेवून. नाहीतर पागोळ्यांनी पहिल्याच पावसात तिथे चर पडतो आणि चिखल उडून अर्धी भिंत लाल होते. उतारावरून येणाऱ्या पाण्यासाठी गोठ्याच्या वरच्या अंगाला दीड मीटर सोडून ४५ सेंटीमीटर रुंद आणि तितकाच खोल चर. तो गोठ्याला वळसा घालून खाली जावा, गोठ्याखालून नाही. हा चर दरवर्षी मे अखेरीस पाचोळ्याने भरलेला असतो. त्यामुळे तो काढणं हा बांधकामाचा भाग आणि साफ ठेवणं हा मालकाचा, असं आधीच सांगून टाका.

जोतं भोवतालच्या जमिनीपेक्षा ४५ सेंटीमीटर उंच, खलाटीत, म्हणजे सखल जमिनीत, ६०. जोत्याच्या माथ्यावर जलरोधक पावडर घातलेल्या काँक्रीटचा ४ सेंटीमीटरचा थर पूर्ण रुंदीवर द्या. जांभा पाणी पितो, आणि हा थर नसला की ऑक्टोबरातही भिंत खालून वीतभर ओली दिसते. जोत्यात भरायला जांभ्याचे तुकडे १५ सेंटीमीटर, चांगले ठोकून. त्यावर १:२:४ चं काँक्रीट साडेसात सेंटीमीटर. पूर्ण २६.९५ चौरस मीटरला दोन घनमीटर काँक्रीट, म्हणजे सिमेंटची साधारण १३ पोती. रेती खाडीची असेल तर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय चालवू नका. कोब्याला ती फारशी बाधणार नाही, पण खांबाच्या पायातल्या बोल्टांना बाधते, आणि गवंडी दोन ढीग वेगळे ठेवत नाही.

कोब्याचा वरचा हात ही आमची सगळ्यात मोठी भांडणाची जागा. गवंडी चांगलं काम म्हणून सिमेंटचा हात मारून कोबा आरशासारखा घोटून देतो. घरमालक खूश, फोटो उत्तम. पावसाळ्यात त्यावर शेण-मूत्राचा पातळ थर बसतो आणि गाभण म्हैस उठताना मागचे पाय बाजूला फाकतात. त्यातून उठवलेली म्हैस पुन्हा धड चालेल याची खात्री कोणी देत नाही. कोबा ओला असतानाच १० सेंटीमीटर अंतरावर एक सेंटीमीटर खोल रेघा दोन्ही तिरप्या दिशांनी मारायच्या. दोरी आणि सळईचा तुकडा एवढंच हत्यार. मग वरून घोटाई नाही. रेघा मारल्यावर 'जरा साफ करतो' म्हणून थापी फिरवणाऱ्याचा हात धरा. रबरी चटई पुढे टाकली तरी रेघा हव्यातच, आणि चटई आठवड्यातून एकदा उचलून खाली धुवायची, नाहीतर तिच्याखाली मूत्र साचून वास तिथूनच येतो.

उतार गव्हाणीकडून गटाराकडे ४० ला एक. दीड मीटर उभं राहायच्या जागेत तो जेमतेम चार सेंटीमीटर होतो. त्याहून जास्त दिला तर गाभण जनावराचा भार सतत मागे पडतो. गटार ३० सेंटीमीटर रुंद, सात सेंटीमीटर खोल, तळ गोलसर, म्हणजे फावडं नीट फिरतं. लांबीत पूर्वेकडे ६० ला एक, म्हणजे ७.७ मीटरला १३ सेंटीमीटर. कोबा सुकला की गव्हाणीच्या पायथ्याशी एक बादली पाणी ओतून पाहा. पाणी कुठे अडलं ते खडूने आखा आणि तेवढाच भाग फोडून पुन्हा करून घ्या. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि आजवर कुठल्याही पूर्णत्वाच्या दाखल्यात आम्ही ती पाहिलेली नाही.

३.५ मीटर रुंदी कशी वाटायची? गव्हाण आतून ०.६, तिची पुढची भिंत ०.१, उभं राहायची जागा १.५, गटार ०.३, मागची वाट १.०. बेरीज ३.५. कोकण कपिला गायीला हे तंतोतंत बसतं. ही आपली छोटी, काटक गाय आता अधिकृत नोंद असलेली जात आहे आणि तिच्या मापाने गोठा आखायला लाजायचं कारण नाही. मुऱ्हा म्हैस असेल तर उभं राहायची जागा १.७५ हवी, आणि वाट ०.७५ वर येते. तिथे शेणाची घमेली घेऊन माणूस वळत नाही. म्हशीवाल्याला रुंदी ३.७५ मंजूर करा. आणि कपिलेलाही १.७५ ची जागा देऊ नका. जागा लांब झाली की शेण गटारात न पडता तिच्याच अंथरुणावर पडतं, कास त्यात लोळते आणि कासदाहाचं औषध सुरू होतं.

गव्हाणीचं माप योजनेत ०.२ मीटर रुंद आणि ०.६५ उंच असं आहे. ०.२ ही भिंतीची जाडी की आतली रुंदी, याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. आतली रुंदी म्हणून आठ इंची गव्हाण बांधली तर शिंगवाल्या जनावराचं तोंड तिच्यात शिरतच नाही. आतून ०.६ लिहा, जनावराच्या बाजूची भिंत ०.४५ ते ०.५, तळ कोब्यापेक्षा १०-१५ सेंटीमीटर वर, कोपरे गोल, आणि एका टोकाला धुवायला भोक.

चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून गिलाव्याची गरज नाही. आतून मात्र एक मीटरपर्यंत १:४ चा गिलावा आणि वरचे सांधे भरलेले हवेत. पोट भरलेली गोचीड खाली पडून अशाच फटींत हजारो अंडी घालते, आणि फवारणी फटीच्या आत पोचत नाही. वर्षातून दोनदा चुन्याचा हात.

हवा. पावसाळ्यात माणसं मायेने ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट बांधतात आणि गुरांना खोकला लावतात. उभ्या माणसाला वास येत नाही, कारण अमोनिया शेण-मूत्रातून निघतो आणि बसलेलं जनावर त्याच्या अगदी जवळ असतं. पाहणीला जाल तेव्हा सकाळी सहाला जा आणि गव्हाणीपाशी उकिडवं बसून जमिनीपासून दोन फुटांवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर गोठा बंद आहे, बाहेरून कितीही उघडा दिसला तरी. आडोसा झापांचा किंवा शेडनेटचा करा. ताडपत्रीच हवी असेल तर वरून आणि खालून वीतभर मोकळी सोडून. पेंढा गुरांच्या डोक्यावरच्या माळ्यावर नको, खालची वाफ त्याला बुरशी लावते. तो वेगळ्या माचावर.

शेळ्यांच्या शेडबद्दल थोडं, पण ठामपणे. त्याच योजनेत १० शेळ्यांना ३.७५ बाय २ मीटरची शेड आहे, ७.५ चौरस मीटर, आणि तळाला मुरूम घालायला सांगितलं आहे. मोठ्या शेळीला निवाऱ्यात एक चौरस मीटर तरी लागतो. इथे पाऊण मिळतो. ते एक वेळ चालवून घेऊ. पण कोकणात मुरमाचा तळ चालत नाही. जूनच्या शेवटी तो भिजतो आणि सप्टेंबरपर्यंत सुकत नाही. खुरं मऊ पडतात, मधल्या फटीत कुजतात आणि शेळी गुडघ्यांवर चरताना दिसते. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ ही पावसाला सरावलेली जात आहे, तरी ओल्या जमिनीवर रात्र काढायला कुठलीच शेळी राजी नसते. तिला दगड किंवा पायरी दिसली की ती वर चढते. तिचं ऐका. जमिनीपासून ०.९ ते १.२ मीटर उंच माच, त्यावर पाच सेंटीमीटर रुंदीच्या लाकडी किंवा पोफळीच्या रिपा, दोन रिपांत दीड सेंटीमीटर फट. पिल्लांच्या कप्प्यात एक सेंटीमीटर. फट दोन सेंटीमीटरच्या वर गेली की पाय अडकून मोडतो. एकच्या खाली आली की लेंड्या अडकतात आणि माचच कोबा होतो. पोफळीच्या रिपा दोन-तीन वर्षांनी बदलाव्या लागतात, म्हणून त्या खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवा. माचाखाली उतरता कोबा, म्हणजे लेंडीखत खराट्याने ओढता येतं. बाजूंना भिंतीऐवजी जाळी, छपरापर्यंत. बिबट्या भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या हातभर फटीतून शिरतो.

राहता राहिलं वेळापत्रक, आणि ते तुमच्याच हातात आहे. मंजुरी फेब्रुवारी-मार्चमध्ये आली की काम एप्रिल-मेमध्ये कोंबलं जातं. तेव्हा चिऱ्याचे दर चढलेले असतात, गवंडी घरांच्या कामांवर असतात, आणि भरावाला बसायला दिवसच मिळत नाहीत. पावसाळ्यात खाणी पाण्याने भरतात, त्यामुळे राहिलेलं काम थेट दिवाळीनंतर. कार्यारंभ आदेश नोव्हेंबर अखेर द्या. जोतं डिसेंबरात भरून महिनाभर बसू द्या, कोबा फेब्रुवारीत, छप्पर मार्च अखेर. मे महिना वादळांसाठी मोकळा ठेवा.

आणि शेवटचा हप्ता मेमधल्या कोरड्या फोटोवर सोडू नका. जुलैत पाऊस लागून तिसरा दिवस झाला की एका सकाळी कोणी तरी या. तीन गोष्टींचे फोटो काढा: दक्षिणेच्या अर्ध्या भिंतीच्या आतल्या बाजूचा कोबा, झाकण उघडून टाक्यातली पातळी, आणि पागोळीखालच्या पन्हळीचं तोंड. छत्री आणू नका, झडीत ती उलटते. इरलं आम्ही देऊ.

आपले,
कोकणातले गोठे बांधणारे आणि गोठ्यात राबणारे